उजवा हात

पुतळा पाहिला आणि रत्नाकररावांचे हात शिवशिवायला लागले. चौतीस वर्षं तोफांच्या फॅक्टरीत कानस चालवली होती त्यांनी. त्यांच्या हातचा एकही नग इन्स्पेक्शनमधून परत आला नव्हता. आणि इथे सख्ख्या लेकीनं, प्रणोतीनं, आर्ट कॉलेजच्या फायनल परीक्षेसाठी हा असला प्लास्टरचा माणूस करून ठेवलेला! डोकं लिंबाएवढं, पंजे सुपाएवढे, अन् त्या पंज्यांवर नुसत्या गुठळ्या नि खड्डे. थकली असेल बिचारी, फिनिशिंग राहून गेलं असेल.

प्रणोती पुतळ्याच्या नावाची पाटी आणायला बाजारात, कमानिया गेटला गेली होती. रत्नाकररावांनी कपाटातून बारीक कानस काढली.

"अहो, काहून घासून राहिले?" वसुधाताई आतून ओरडल्या.

"चार वाजता परीक्षा आहे तिची. असा माल कोणी पास करते काय?"

उजवा पंजा छान गुळगुळीत झाला. डाव्याला कानस लावणार, तोच प्रणोती दारात.

"बाबा! हे काय केलं?" ती पुतळ्याकडे धावली. हातातली पाटी पडली. पाटीवर एकच शब्द होता : 'बाबा'.

रत्नाकररावांनी पुतळ्याचा डावा पंजा पाहिला, मग स्वतःचा. अंगठ्याखालचा घट्टा, करंगळीजवळचा व्रण, सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजता कॉलेजच्या हॉलमध्ये परीक्षक मॅडम पुतळ्यापुढे थबकल्या. "एक हाथ खुरदुरा, एक चिकना. इसमें भाव क्या है?"

प्रणोतीनं वळून बाबांकडे पाहिलं. रत्नाकरराव मागून पुढे घुसले.

"मैडम, लड़की के नंबर मत काटिए. वो हाथ मैंने घिसा है."

"आपने? क्यों?"

"मुझे लगा, ऐसा रहा तो रिजेक्ट हो जाएगी."

मॅडमनी पाटी वाचली. रत्नाकररावांचा पंजा उलटा करून बघितला. "मतलब, बेटी पास हो जाए, इसलिए बाप ने अपना ही हाथ घिस डाला?"

"जी," रत्नाकरराव खाली मान घालून म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि वर्गात कुणाला दिले नव्हते एवढे नंबर लिहिले.

घरात पाऊल टाकताच रत्नाकररावांची छाती फुगली. "पास झाला! आपल्या हातचा नग कधी परत आला काय?" मग परत आणलेल्या पुतळ्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाले, "पण बेटा, नाक जरा तिरपं नाही वाटून राहिलं?"

 प्रणोतीनं कानस कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.