मंठ्यातली मूक फेरी

उषाबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. बद्रीनाथ मास्तरांना कोणी कारण विचारलं असतं, तर त्यांना ते सांगतानाही लाज वाटली असती. मायना जमत नव्हता. 'प्रिय' लिहावं तर वय आडवं यायचं. 'श्रीमती' लिहावं तर शाळा तपासणीच्या बाईंना लिहितोय असं वाटायचं. 'स. न. वि. वि.' लिहून पाहिलं, तर ते पत्र प्रकाशकाकडून पुस्तकं मागवल्यासारखं दिसायला लागलं. कोरं कार्ड टेबलावर पडून राहिलं आणि त्यावर चहाच्या कपाचं गोल उमटलं.

निजामाच्या राज्यात दोघं हैदराबादला एकाच कॉलेजात होते. वाचनालयातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला त्या बसायच्या, दुसऱ्या टोकाला हे. पुढं त्या मुंबईला शिक्षिका झाल्या आणि हे मंठ्याला मास्तर झाले. निवृत्तीनंतर गावचं वाचनालय सांभाळू लागले. दोघांचीही लग्नं राहून गेली. का, ते दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही, आणि खरं तर विचारायला हवं होतं ते तेवढंच होतं.

मुंबईत उषाबाई युद्धाविरुद्ध काम करणाऱ्या मंडळींत मिसळल्या होत्या. हिरोशिमावर बाँब पडला तो दिवस सहा ऑगस्टचा. त्या दिवशी ही मंडळी शांततेसाठी फेरी काढत. हे साल चौऱ्याहत्तरचं. उन्हाळ्यात आपल्याच देशानं अणुस्फोट केला होता, म्हणून यंदाची फेरी मोठी निघणार होती. 'याल का? माझ्याबरोबर चालाल का?' त्यांनी विचारलं होतं. 'नाहीच जमलं तर मंठ्यात काहीतरी करा. पण कळवा.'

मुंबईला जायचं धाडस मास्तरांना होणार नव्हतं. कळवायचं तर मायन्याशी गाडी अडली होती. उरलं मंठ्यात काहीतरी करणं. ते आधी करावं, मग त्याची हकिकत लिहावी, म्हणजे पत्र आपोआप सुरू होईल, असा त्यांनी मनाशी हिशेब केला.

भाषण करायचं म्हटलं की मास्तरांच्या घशाला कोरड पडायची. म्हणून त्यांनी फेरी मूक ठेवली. शाळेपासून निघायचं, बाजारातून वाचनालयापर्यंत यायचं, मान खाली, अंगात पांढरे कपडे, आणि पोचेपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. वाचनालयाचे चिटणीस साहेबराव धोरणी माणूस. त्यांनी आडून विचारलं, की ही फेरी सरकारच्या विरुद्ध तर नाही ना, कारण आता आपलाबी बाँब झालाय.

"कुणाच्याच विरुद्ध नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून तर मूक."

आदल्या दिवशी मास्तरांनी अण्णासाहेबांच्या कापडदुकानातून फलकासाठी पांढरं मांजरपाट आणलं. त्यावर काय लिहावं याचा घोर त्यांना दुपारपासून लागला. 'युद्ध नको' लिहावं तर उद्धट वाटत होतं, 'शांतता हवी' लिहावं तर मागितल्यासारखं. प्रत्येक वाक्यात काही ना काही खोट निघाली, आणि सकाळी ते कापड कोरंच शाळेत आलं.

फेरीला वाचनालयाची नेहमीची दहाबारा मंडळी जमली. आधी कापडाला दोन काठ्या लावून उभं धरलं, पण वारं सुटलं होतं. दोनदा ते कडूबाच्या तोंडावर गुंडाळलं गेलं. कडूबा सूतगिरणीतून निवृत्त झालेला, वाचनालयात रोज सगळी वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचणारा. तो वैतागला, पण मूक राहायचं ठरलेलं असल्यामुळं काही बोलला नाही. शेवटी चौघांनी चार टोकं धरून कापड कमरेइतकं आडवं धरलं. तसं ते गप राहिलं. फेरी निघाली. मास्तर सवयीनं सगळ्यांत मागं राहिले.

बाजाराचा दिवस होता. कोपऱ्यावर केशरबाई फुटाणे विकत बसलेली. मास्तरांची नजर तिच्या पुड्यांवर गेली आणि पाय थांबले. ती एका जुन्या प्रवासवर्णनाची पानं फाडून पुड्या बांधत होती. पुस्तकाची पाठ शाबूत होती आणि हिमालय अजून अर्धा शिल्लक होता. मास्तरांना पुस्तक वाचवायचं होतं, पण बोलायचं नव्हतं. त्यांनी हातवारे केले. केशरबाईनं त्यांना दोन पुड्या दिल्या. त्यांनी पुड्या परत केल्या, पुस्तकाकडं बोट दाखवलं, हात जोडले. ती घाबरली. मास्तरांची वाचा गेली, असं शेजारच्या कांदेवालीला तिनं सांगून टाकलं. अखेर मास्तरांनी खिशातून निघाली ती नाणी तिच्यापुढं ठेवली, पुस्तक उचललं आणि उभ्या उभ्या पहिलं शिल्लक पान वाचायला घेतलं. तिथंच घात झाला. ते पान संपेना, आणि संपलं तेव्हा पुढचं सुरू झालं होतं.

इकडं फेरी बाजारात शिरली. पांढरे कपडे, खाली माना, तोंडातून शब्द नाही, आणि मधोमध चौघांनी धरलेलं पांढरं कापड. मंठ्यातल्या माणसाला यातून एकच गोष्ट कळते. दुकानदारांनी रिवाजाप्रमाणं फळ्या अर्ध्या ओढल्या. गिऱ्हाईकांनी टोप्या काढल्या. कोणीतरी विचारलं, कोण गेलं. फेरीतलं कोणी उत्तर देईना. दुःख फारच मोठं दिसतं, असं लोकांना वाटलं.

अण्णासाहेब दुकानातून खाली उतरले. व्यापारी माणूस, डोकं हिशेबी. त्यांनी चेहरे एकेक करून पाहिले.

"वाचनालयाची समदी मंडळी हायेत," ते हळू आवाजात म्हणाले. "मास्तर तेवढे न्हाईत."

मग अण्णासाहेबांना दुसरी गोष्ट आठवली आणि त्यांनी टोपी काढली. "काल माह्याच दुकानातून पांढरं कापड नेलं हो त्यांनी. मी म्हनलं, काय शिवायचं? तं म्हनले, शिवायचं न्हाई. मानसाला आपलं मरन आधी कळतं हो."

एवढ्यात कांदेवालीकडून मास्तरांची वाचा गेल्याची बातमी आली, आणि मग शंकेला जागाच उरली नाही. फळ्या पूर्ण ओढल्या गेल्या. माणसं फेरीत शिरली. काही मागं लागली, काही मान म्हणून पुढं झाली. पुढं झालेल्यांनी वाचनालयाचं वळण घेतलंच नाही. ते रिवाजाच्या वाटेनं ओढ्याकाठच्या मसणवाट्याकडं चालू लागले. मूळची मंडळी मान खाली घालून पुढच्याची टाच बघत चालली होती. साहेबरावांना वाट चुकल्याचं कळलं, पण बोलायचं नव्हतं. आणि एवढी गर्दी बघून त्यांना वाटलं, मास्तरांनी बेत वाढवला असावा. मध्येच एका म्हाताऱ्यानं त्यांच्या कानाशी "मास्तर गेले हो" म्हटलं तेव्हा मात्र ते हादरले. सकाळी तर चांगले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं. मास्तर खरंच नव्हते.

साहेबराव कामाचा माणूस. त्यांनी रांग सोडली आणि तडक मास्तरांचं घर गाठलं. शेजारच्या चांगुणाबाईकडं किल्ली असायची. ती रडत रडत कुलूप उघडत होती, आणि मास्तर घरात नाहीत याचं दोघांनाही नवल वाटलं नाही. मयत परस्पर ओढ्याकडं येणार असेल, असं दोघांनी धरलं. नातेवाइकांना कळवायचं तर टेबलावर पत्ता एकच सापडला, मुंबईचा. साहेबरावांनी पोस्टात जाऊन तार ठोकली. चांगुणाबाईनं रिवाजाप्रमाणं दुःखाच्या घरची चूल बंद राहणार म्हणून आपल्या चुलीवर पिठलं टाकलं.

मास्तर भानावर आले तेव्हा बाजार बंद होता. ते वाचनालयापाशी गेले, तिथं चिटपाखरू नव्हतं. फेरी फसली, मंडळी घरी गेली, असं त्यांना वाटलं. उषाबाईंना आता हेच लिहावं लागणार. मग त्यांना ओढ्याच्या बाजूला गर्दी दिसली. जवळ गेले तर शेकडो माणसं माना खाली घालून निःशब्द उभी. मास्तरांचा ऊर भरून आला. हिरोशिमासाठी अख्खा मंठा आला होता, आणि आपण गावाला उगाच कमी लेखत होतो. तेही मागं जाऊन उभे राहिले, डोळे मिटले, आणि स्वतःसाठी चाललेली शांतता त्यांनी मनापासून पाळली.

मग अण्णासाहेब बोलायला उभे राहिले. मिट्टी, म्हणजे मास्तरांचा देह, जालन्याच्या दवाखान्यातून यायची असेल, असा कोणीतरी तर्क काढला होता. तोवर आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणं श्रद्धांजलीची भाषणं उरकायची होती. "मास्तर कुनाला कधी वाकडं बोलले न्हाईत," अण्णासाहेब म्हणाले, "सरळबी लई बोलले न्हाईत. पन माह्या पोरीला पुस्तकाचं याड लावलं ते त्यांनीच. आज ती नर्स हाये."

कोणते मास्तर, हे कळायला मास्तरांना जरा वेळ लागला. कळलं तेव्हा पुढं होऊन सांगायला हवं होतं. पण भाषणात कोणाला मध्येच तोडायचं ही त्यांना मोठी असभ्य गोष्ट वाटायची, त्यातून आपलं कौतुक चाललेलं. ते पुस्तक छातीशी धरून ऐकत राहिले. शेजारच्या माणसानं नाक पुसायला रुमाल मागितला, तो त्यांनी दिला. रुमाल परत करताना त्या माणसानं वर पाहिलं आणि बोंब ठोकली.

पुढचा थोडा वेळ बरा गेला नाही. आधी लोक पांगले, मग जवळ आले, मग चिडले. ऐन बाजारच्या दिवशी दुकानं बंद झाली होती. "मेले न्हाईत तं सांगायचं की जल्दी," एकानं दटावलं. केशरबाई मात्र ठामपणे सांगत होती, की वाचा गेल्ती, जीव व्हता.

"मास्तर, मंग हे कोनासाठी?" कडूबानं कोरं कापड वर धरून विचारलं. फेरीतला असूनही त्याला आता खात्री राहिली नव्हती.

सगळे मास्तरांकडं बघू लागले. आता पळायला वाट नव्हती.

"जपानात एक गाव होतं," मास्तर म्हणाले. "आपल्या जालन्याहून मोठं. आजच्याच तारखेला, सकाळच्या पारी, वरून एक बाँब पडला. माणसं गेली, आणि त्यांना खांदा देणारीही गेली. एकानं जायचं आणि गावानं पोचवायचं, ही आपली रीत. तिथं पोचवायला गाव उरलं नाही. म्हणून म्हटलं, आपण चालावं."

मग अण्णासाहेबांनी काढलेली टोपी घालायला नेली होती, ती पुन्हा खाली घेतली. "आता आलोच हावोत तं," ते म्हणाले, "त्यांच्यासाठी दोन मिनटं हुभे राहू. आंघोळ तं करावीच लागनार." लोक उभे राहिले. नंतर सगळं गाव घरोघर अंगावर पाणी घेत होतं. त्या संध्याकाळी मंठ्यात ओल्या धोतराशिवाय माणूस दिसला नाही.

तारेचं कळल्यावर मास्तर खालीच बसले. साहेबरावांनी लगेच दुसरी तार केली, की मास्तर जिवंत. पण पहिली तार मिळाली तशा उषाबाई निघाल्या होत्या. मनमाडला गाडी बदलून जालना, तिथून एस. टी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या. केस पांढरे झालेले, हातात पिशवी, डोळे सुजलेले. उंबऱ्यात चांगुणाबाई धान्य निवडत होती.

"मी मुंबईहून आले," उषाबाई म्हणाल्या. "मास्तर..."

"मास्तर? आत जेवून राह्यले की."

मास्तर आत कालचंच पिठलं खात होते. सगळ्या गल्लीनं रांधलेलं संपत नव्हतं. त्यांनी वर पाहिलं आणि घास तसाच हातात राहिला. उषाबाईंनी पिशवी खाली ठेवली. आधी त्या हसल्या, मग रडल्या, मग पाणी मागितलं.

"पत्राचं उत्तर आलं नाही," त्या म्हणाल्या. "मेल्याची तार मात्र वेळेवर आली."

"मायना सुचत नव्हता," मास्तर म्हणाले.

"कॉलेज सुटल्यापासून छत्तीस वर्षं?"

उषाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "काल फेरीत मी सगळ्यांत मागं चालले," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी पुढं चालला नाहीत. म्हटलं, आलाच तर मागंच सापडाल. सारखी वळून बघत होते. घरी आले तर ही तार."

मास्तरांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण उषाबाईंनी हात वर केला. "तोंडी नको. तोंडी तुम्ही उद्या विसरल्यासारखं कराल. मी पत्र पाठवलं होतं. मला उत्तर पत्रानंच पाहिजे, पोस्टातून आलेलं."

दुसऱ्या दिवशी उषाबाईंची शाळा होती. त्याच दुपारी चार वाजताच्या गाडीला त्यांना सोडायला मास्तर स्टँडवर आले, आणि अर्धा बाजार आपापलं काम असल्यासारखा तिथं रेंगाळला. उषाबाई गाडीत खिडकीशी बसल्या. मास्तरांनी चहाच्या टपरीवर ते डाग पडलेलं कार्ड काढलं आणि मायना न घालताच लिहिलं, 'शनिवारी निघतो. स्टेशनवर या. मला मुंबईचे रस्ते माहीत नाहीत.'

टपालाची पेटी रस्त्यापलीकडं होती. मास्तरांनी कार्ड फटीत घातलं, पण एक टोक बोटांत धरून ठेवलं. 'स्टेशनवर या' हे फार हक्कानं झालं का? ते खोडून 'आल्यास बरे' करावं का? कंडक्टरनं घंटी दिली. खिडकीतून उषाबाई मुद्दाम दुसरीकडं बघत होत्या.

"मास्तर," कडूबा मागून हळूच म्हणाला, "सोडा आता."

मास्तरांनी बोटं सोडली.