हरिहर खांबेटे यांचे सलग एकशे एक्क्याऐंशी फोटो

माणूस निवृत्त झाला की त्याचे डोळे उघडतात. तोवर ते नुसते कपाळाखाली असतात. डोंबिवली पूर्वेचे हरिहर खांबेटे विमा कचेरीतून निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात आमच्या 'रोज एक फोटो' या ऑनलाइन समूहात दाखल झाले. (मी समूहाचा सहसंचालक. पद मानद आहे. मान अद्याप मिळालेला नाही.)

नियम सोपे आहेत. रोज एक फोटो, त्याच दिवशी, स्वतः काढलेला. इतर तिघांच्या फोटोखाली 'अप्रतिम' लिहिणे बंधनकारक. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा शून्यावर. सभासद अकराशे चाळीस. पैकी अकराशे एकोणचाळीस फोटो टाकतात आणि एक जण बघतो. (त्याला समज देण्यात आली आहे.)

खांबेट्यांनी आरंभ गॅलरीतल्या तुळशीने केला. मग जिना, जिन्यातल्या चपला, कल्याणच्या बाजारातले कांदे (कृष्णधवल) आणि घोडबंदर रोडची वाहतूक कोंडी. या शेवटच्या फोटोला त्यांनी 'स्थैर्य' असं नाव दिलं. जेवताना आधी फोटो, मग घास, असा क्रम ठरला. सहा महिन्यांत त्यांनी आमटी गरम असताना खाल्ली नाही, असं त्यांच्या पत्नी चित्राताई सांगतात. समूह याला निष्ठा म्हणतो.

एकशे ब्याऐंशीव्या दिवशी दोघं टिटवाळ्याला भाचीच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेले. इमारतीबाहेर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी होती आणि पाटीखाली एक म्हैस. खांबेटे दोघींना एका चौकटीत घ्यायला मागे सरकले, आणखी सरकले आणि गटारात गेले. घोटा मोडला. फोन सापडला नाही.

"कसे पडलात, काका?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"म्हैस बसत नव्हती," खांबेटे म्हणाले.

डॉक्टरांनी डोक्याचाही एक्स-रे काढायला सांगितला.

प्लास्टर झाल्यावर खांबेट्यांना दिवस आठवला. पत्नीच्या फोनवरून समूहात शिरायला गेले, तर सांकेतिक क्रमांक गटारातल्या फोनवर गेला. त्यांचा चेहरा उतरला. पायासाठीही इतका उतरला नव्हता.

"अगं, मग तू तरी सभासद हो," ते म्हणाले. "त्या खिडकीचा काढ. उजेड बरा आहे."

चित्राताई सभासद झाल्या आणि त्यांनी नवऱ्याचा फोटो काढला.

"माझा कशाला? मी रोजचाच."

"छे. सहा महिने तुमच्या तोंडापुढे फोन होता. आज दिसलात."

फोटोखाली त्यांनी 'आज दिसले' एवढंच लिहिलं. सहाशे चाळीस लोकांना तो आवडला. खांबेट्यांचा उच्चांक एकतीस होता. दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी प्रतिक्रिया वाचून दाखवायला सांगितल्या, चौथ्या दिवशी त्या वाचता वाचता दोघं कचेरीतल्या जुन्या गोष्टींवर आले आणि तिकडेच राहिले. चित्राताईंचा पाचवा फोटो आलाच नाही.

दीड महिन्यात प्लास्टर निघालं. नवा फोन मात्र आला नाही. समूहाने चित्राताईंच्या फोनवर तीन स्मरणपत्रं पाठवली. चौथं घेऊन मी स्वतः गेलो. दार उघडंच होतं. खांबेटे मटार सोलत काहीतरी सांगत होते आणि चित्राताई डोळ्याला पदर लावून हसत होत्या. इतकं मोकळं हसणं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"या, बसा," खांबेटे म्हणाले. "ऐका, मजा आहे."

मी बसलो नाही. उन्हाची तिरीप नेमकी मटारावर आली होती. फोटो काढला, तिथूनच समूहात टाकला आणि निघालो. ते काय सांगत होते, हे विचारायचं राहून गेलं.

तो फोटो पुढे सगळीकडे फिरला. तुमच्यापर्यंतही आला आणि तुम्ही त्यावर अंगठा उमटवलात. आभारी आहे. त्यात माणसंही होती.