नंबरावर दळण

"माणसाचं डोकं कसं चालतं, हेच तर मी शिकलोय काका. गिऱ्हाइकाला विचारच करावा लागणार नाही, अशी करून देतो तुमची गिरणी," जयदीप म्हणाला.

पुतण्याला सोपानराव हो म्हणाले. पिंपळे सौदागरच्या गावठाणातली त्यांची गिरणी ओस पडत चालली होती. सोसायट्यांतल्या बायका पिशवीतलं तयार पीठ आणायच्या. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर गाळा केकवाल्याला द्यायचं घरात ठरलं होतं. जयदीपच्या ते जिवावर आलं होतं. लहानपणी थंडीत तो इथेच गरम पिठात हात खुपसून बसायचा. पांढऱ्या भुवयांनी घरी गेला की आई म्हणायची, आले आमचे म्हातारबुवा.

आजवर बायका डबा ठेवून निघून जायच्या आणि सोपानराव सारखी धान्यं एकापाठोपाठ दळायचे. आपली पाळी कधी येणार ते कळत नाही म्हणून माणूस वैतागतो, असं जयदीपने निदान केलं आणि दारात स्क्रीन लावला. त्यावर एकच मोठं हिरवं बटण. नाव सांगून ते दाबलं की नंबर मिळायचा, आणि पुढे कोण कोण आहे तेही दिसायचं.

रविवारी खरंच रांग लागली. सोपानराव सवयीने गव्हाचे डबे गव्हाजवळ, बाजरीचे बाजरीजवळ सरकवायला लागले, तशा कस्तुराबाई आडव्या आल्या.

"माझा नंबर हाय आता."

"आवं, आत्ताच हरभरा दळलाय. तुमचा गहू जरा मागनं घेतो की."

"मागनं कशापायी? तिथं माझं नाव दिसतंय न्हवं."

दिसत होतं. शिवाय आकडा पुढे सरकताना बघायची सोपानरावांनाही गोडी लागली. मग हरभऱ्यावर गहू, गव्हावर राजगिरा, राजगिऱ्यावर ज्वारी, असं दिवसभर नंबरावर दळण झालं आणि प्रत्येकीच्या डब्यात आधीच्या बायांचं धान्य उतरलं.

सोमवारी अंबूबाई आल्या. राजगिऱ्यात गहू उतरल्याने त्यांचा उपवास भाकरीसकट मोडला होता. मागून कस्तुराबाई, मग बाकीच्या. कुणाचं काय कुणाच्या डब्यात गेलं, यावरून दुपारपर्यंत भांडण चाललं. सोपानरावांनी केकवाल्याला फोन लावायला घेतला.

तेवढ्यात सोसायटीतल्या तनुजाताई तीन शेजारणींना घेऊन आल्या.

"काका, कालच्या पिठाची भाकरी अगदी माझ्या आजीसारखी झाली हो. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला दर महिन्याला तेच पीठ द्याल? पण तेच हं, दुसरं नको."

सोपानरावांनी फोन खिशात टाकला. "देतो की. जयदीप, ताईंच्या म्होरं काल कोण कोण हुतं, बघ बरं."

भांडण मिटावं म्हणून जयदीपने स्क्रीनवरची रविवारची सगळी नावं नुकतीच पुसली होती.