मुकी फळी

सुरेश मेस्त्रींच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, ही गोष्ट श्रीकांत खरवंडीकरांना दिवसातून साधारण दोनदा आठवत असे. एकदा सकाळी दाढी करताना आणि एकदा कपाटातल्या पुस्तकांवरची धूळ झटकताना, कारण ते पत्र एका पुस्तकात होतं. कोणत्या पुस्तकात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या पुस्तकावरची धूळ ते झटकत नसत.

पत्र तीन वर्षांपूर्वी मँडोलिनच्या खोक्यातून आलं होतं. मेस्त्री कुडाळजवळच्या एका गावात एकटेच बसून वर्षाला चार मँडोलिनं करत. पाचवं कुणी मागितलं तर पुढच्या वर्षी या म्हणत. खरवंडीकरांचा नंबर लागायला दोन वर्षं गेली होती. पत्रात लिहिलं होतं, "वाद्य पोचलं असेल. पाठ आमच्या परड्यातल्या फणसाची आहे, तिची काळजी नको. वरची फळी देवदाराची, अजून मुकी आहे. रोज वाजवा, वर्षभरात तिला कंठ फुटेल. कसा फुटला ते दोन ओळींत कळवा. मला हल्ली ऐकू कमी येतं. वाजवणारे काय लिहितात त्यावरून मी पुढची फळी किती तासायची ते ठरवतो."

रेल्वेत चौतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं करून निवृत्त झालेल्या माणसाला दोन ओळी जड जायला नकोत. पण त्या लिहायच्या तर आधी मँडोलिन वाजवायला हवं होतं.

दर रविवारी खरवंडीकर मँडोलिन खोक्यातून काढत, आठही तारा सुरात लावत, पिवळ्या फडक्याने पुसत आणि परत ठेवून देत.

"देवाला आंघोळ घालता तसं करता," वृंदाबाई म्हणत. "पुढे नैवेद्याचं काही?"

"हात बसलेला नाही."

"न वाजवता कसा बसेल?"

"इतकं सुंदर वाद्य आहे, वृंदा. शिकाऊ हाताने खराब व्हायचं."

एके काळी हात बसलेला होता. अठ्ठ्याहत्तर साली, कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाद्यवृंदात ते मागच्या रांगेत दुसरं मँडोलिन वाजवत. डिक्रूझ नावाचा अँग्लो-इंडियन गार्ड शिकवायचा. हुगळीत एखाद्या बोटीचा भोंगा वाजला की डिक्रूझ हात वर करायचा आणि सगळ्यांनी त्या भोंग्याच्या सुरात तारा लावायच्या. दुसरी बोट आली की पुन्हा. अशाने कित्येक संध्याकाळी एकही गत पुरी व्हायची नाही, पण त्या संध्याकाळींइतकं सुख खरवंडीकरांना पुढे कधी मिळालं नाही. मग चक्रधरपूरला बदली झाली. इन्स्टिट्यूटचं मँडोलिन रजिस्टरात सही करून परत केलं, आणि आपलं स्वतःचं घ्यायचं घ्यायचं म्हणेपर्यंत केस पांढरे झाले.

ऑगस्टच्या शेवटी मेस्त्रींचं कार्ड आलं.

"साहेब, आपलं उत्तर आलं नाही, तरी प्रकृती बरी असेल. आपल्या वाद्याच्या फळीची जोडीची फळी माझ्याकडे उरली आहे. एकाच झाडाची. तिचं वाद्य करायला घेतलं आहे, पण पहिली कशी बोलते ते कळल्याशिवाय हिला रंधा लावत नाही. सावकाश कळवा. थांबलो आहे."

खरवंडीकरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. शेवटचे दोन शब्द तसेच होते.

"लिहा की, छान आहे म्हणून," वृंदाबाई म्हणाल्या.

"खोटं कसं लिहू? तो माणूस त्यावर लाकूड तासणार आहे."

"मग खरं लिहा."

"खरं काय? तीन वर्षं पुसलं, असं?"

त्यांना पेचात कुठलंही पुस्तक मदतीला येई, तसं आताही आलं. वाद्यांविषयीच्या एका जाडजूड इंग्रजी ग्रंथात तळटीप सापडली की काही लोक नवं वाद्य स्पीकरसमोर ठेवतात. आवाजाने लाकूड थरथरतं आणि मोकळं होतं. तीन वर्षांची कंपनं महिनाभरात भरून काढायला दिवसाला किती तास लागतील, याचं त्यांनी सवयीप्रमाणे वेळापत्रक केलं. दहा ते एक, चार ते सात. रविवारी सुटी नाही.

वृंदाबाईंनी आपला फोन लेकीने दिलेल्या छोट्या स्पीकरला जोडला. मँडोलिन खुर्चीत उशीला टेकवून बसवलं.

"भजनं लावू का?"

"मँडोलिनच लाव. नको त्या सवयी लागायच्या."

लोकांची सफाईदार बोटं ऐकून खरवंडीकरांना आपल्या हातांची लाज वाटू लागली, तेव्हा ते छत्री घेऊन गोलपार्कच्या वाचनालयात गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. सकाळ-संध्याकाळ, आपली शिकवणी चुकवून दुसऱ्याला वर्गात बसवल्यासारखे ते तिथे बसून राहत.

बालीगंजमधली त्यांची इमारत जुनी आणि तिमजली. एका घरात फोडणी पडली की तिन्ही मजल्यांना शिंका येत. आठव्या दिवशी तळमजल्यावरचे बागची, म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी, जिन्यात भेटले.

"खोरवोंडीकार बाबू, क्या बजाता है आप. हम लोग तो टीव्ही बंद करके सुनता है."

"नहीं, नहीं, वो मैं नहीं..." खरवंडीकर म्हणाले. वो मैं नहीं, माझं मँडोलिन खुर्चीत बसून फोन ऐकतं, हे हिंदीत कसं सांगायचं ते त्यांना सुचेना. मराठीतही सुचलं नसतं.

"देखो, कितना विनय," बागची वर बघून म्हणाले. वर कठड्याशी दोन बायका उभ्या होत्या. त्यांनीही माना डोलावल्या.

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश सेनगुप्ता म्हणाले की सकाळच्या सत्रात त्यांना फार छान डुलकी लागते. एक दिवस फोन चार्जिंगला राहिला, तर सव्वादहाला त्यांच्याकडून तब्येतीची चौकशी आली. त्यामुळे आता थांबणंही शक्य नव्हतं. आणि पंधराव्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर दुर्गापूजेनंतरच्या विजया संमेलनाचा कार्यक्रम लागला. समूहगीत, आवृत्ती म्हणजे कवितापठण, हास्यकौतुक, आणि मग, मँडोलिन: श्रीकांत खरवंडीकर.

"नाव काढायला सांगून येतो," घरी येऊन ते म्हणाले.

"काय कारण सांगाल?"

"बोट दुखतं."

"आणि इथे सहा तास वाजणार?"

खुर्चीत मँडोलिन निवांत ऐकत बसलं होतं. तेवढ्यात सूर थांबले आणि एका बाईने उत्साहाने गाद्यांवर अर्धी सूट जाहीर केली.

"हे काय?"

"जाहिरात. दर दहा मिनिटांनी येते."

"म्हणजे रोज? मग या लोकांना काय वाटत असेल?"

वृंदाबाईंनी शांतपणे शेंगा निवडत विचार केला. "त्यांना वाटत असेल, फोन लावून तुम्ही त्याच्या आडून रियाज करता. लाजाळू माणूस आहात, हे सगळ्यांना माहीत आहे."

हे खरवंडीकरांना एकदम पटलं. लोकांचा समज असा असेल, तर तो खोटा तरी राहू नये, एवढंच आता त्यांच्या हातात होतं. अठरा दिवस उरले होते. त्यांनी मँडोलिन खुर्चीतून उचललं आणि तिथे स्वतः बसले.

पहिल्या दिवशी बोटांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी डिक्रूझने शिकवलेली एक संथ गत अर्धीमुर्धी आठवली. फोनवर कुणी काहीही वाजवत असो, खालून हळू आवाजात ते आपली तीच गत वाजवत. गतीच्या तुकड्यांना डिक्रूझ पायऱ्या म्हणायचा. नवव्या पायरीपर्यंत ती सरळ जाई. तिथे तिसरं बोट नेमकं चुकीच्या पडद्यावर पडे, आणि खरवंडीकर पुन्हा सुरुवातीपासून निघत. चाळीस वर्षांपूर्वीही ते याच ठिकाणी अडायचे. तेव्हा शेजारच्याच्या आवाजात झाकून जायचं. पूजेच्या धामधुमीतही त्यांनी खंड पडू दिला नाही. मांडवातले ढाक, म्हणजे मोठे ढोल, घुमत असताना तर ते बऱ्यापैकी जोरात वाजवत.

संमेलन गच्चीवर होतं. मिठाया वाटून झाल्या, मोठ्यांच्या पाया पडून झालं, एका मुलीने लांबलचक कविता म्हटली. मग बागचींनी माइकवरून नाव पुकारलं आणि खरवंडीकर, लग्नातला कोट घालून, साठ माणसांसमोर लोखंडी खुर्चीत बसले. वृंदाबाई मागच्या रांगेत होत्या.

नवव्या पायरीपर्यंत गत सरळ गेली. तिथे तिसरं बोट नेमकं चुकीच्या पडद्यावर पडलं.

खरवंडीकरांचा हात थांबला. आता उठावं, सगळं कबूल करावं आणि चक्रधरपूरला निघून जावं, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून न्यायमूर्ती सेनगुप्तांनी घसा साफ केला आणि गतीची सुरुवात गुणगुणली. बागचींच्या बायकोने ती उचलली. मग त्या दोन कठड्यावाल्या बायका, मग मागच्या रांगा. अडल्यावर पुन्हा पहिल्यापासून निघायचं, अशीच ती चाल आहे, हे अठरा दिवसांत सगळ्या इमारतीला पाठ झालं होतं.

खरवंडीकरांना हसू आलं. हसत हसत त्यांनी त्यांच्यामागून सुरुवात धरली, आणि हसण्याच्या नादात नववी पायरी कधी ओलांडली ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. पुढचा भाग त्यांनाही नवा होता, इतक्या वर्षांनी ऐकलेला. गच्चीवरच्या लोकांना तर तो पहिल्यांदाच ऐकू येत होता. ते एकदम शांत झाले.

नंतर बागची संदेश मिठाईची बशी घेऊन आले.

"बागची बाबू, एक बात कहनी है," खरवंडीकर म्हणाले. "पहले जो पंधरा दिन बजा, वो मैं नहीं था. मेरा फोन था."

"मालूम है."

"आपको कैसे?"

"रोज साढ़े ग्यारह बजे आप रीडिंग रूम में बैठता है. सामने वाला टेबल पर पेपर खोलकर कौन बैठता है, आप कभी देखा?" बागचींनी एक संदेश स्वतःच्या तोंडात टाकला. "आप उधर, मैंडोलिन इधर. हम मिसेस को बोला, इसका नाम लिख देते हैं. नहीं तो ये आदमी कभी घर नहीं लौटेगा."

दुसऱ्या दिवशी खरवंडीकर पत्र लिहायला बसले. पाच कागद फाडल्यावर सहावा टिकला.

"स. न. वि. वि. आपलं वाद्य तीन वर्षं मी वाजवलं नाही, फक्त पुसलं. दोष फळीचा नाही. आता अठरा दिवस वाजवलं आहे. तारांच्या वरच्या दोन जोड्या स्वच्छ बोलतात, गच्चीच्या शेवटच्या रांगेत पत्नीला नीट ऐकू गेल्या. खालची जाड जोडी जरा जास्त घुमते आणि मग बोटांखालचा सूर अस्पष्ट होतो. पुढची फळी केसभर जाड ठेवावी का, असं मनात येतं. अर्थात हे सांगण्याइतका मी जाणकार नाही."

वृंदाबाईंनी कागद घेतला, वाचला आणि पेन मागितलं.

"हे शेवटचं वाक्य काढा. आणि 'ठेवावी का' नको. 'ठेवा' लिहा."

"मी चुकलो तर?"

"अहो, तो माणूस रंधा हातात घेऊन बसलाय. तुमचे कान तुमच्यापाशी आहेत. त्याला ते नाहीत."

खरवंडीकरांनी वाक्य खोडलं. 'ठेवा' लिहिलं. ते इतकं ठाम दिसत होतं की आपल्या अक्षरातलं आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना. खाली एक ओळ वाढवली, "नववी पायरी ओलांडली," आणि मेस्त्रींना यातलं काही कळणार नाही हे माहीत असूनही ती तशीच ठेवली.

पोस्टात खिडकीपलीकडच्या बाईंनी पाकीट वजनाला ठेवलं.

"ऑर्डिनरी ना स्पीड पोस्ट, दादा? अर्जेंट है?"

"तीन साल से अर्जेंट है," खरवंडीकर म्हणाले.

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पिशवीत टाकलं.