बिनसहीची तीन चित्रं

आमचे ड्रॉइंगमास्तर गुंडोपंत चित्रांशी भांडत. दर रविवारी सकाळी वाचनालयात येऊन भिंतीकडे छत्री रोखत आणि ओरडत, "चोर हाय, चोर!" पेपर वाचणारे दचकत. मी त्यांच्याच शाळेत संस्कृत शिकवायचो, म्हणून त्यांना आवरण्याचं काम माझ्याकडे.

भिंतीवर जलरंगातली सहा चित्रं होती, शंभरेक वर्षांपूर्वीच्या मुंबई बंदराची. सोलापूर सोडताना एका गोऱ्या इंजिनियरानं ती वाचनालयाला दिलेली. त्यांतल्या तीन चित्रांवर कुणा इंग्रज कप्तानाची सही होती, उरलेल्या तीन चित्रांवर कुणाचीच नव्हती. चिटणीस वकीलसाहेबांनी मात्र सहाही चित्रांखाली कप्तानाच्या नावाच्या पितळी पट्ट्या ठोकल्या.

"बघा की जोशी!" मास्तर माझा दंड धरून म्हणत. "सहीच्या चित्रात शीड म्हणजे वाळत घातलेलं धोतर! आणि ह्यात? दोरी न् दोरी जागेवर हाय. हा माणूस गलबतात बसलाय, कप्तान किनाऱ्यावर चहा पितोय!"

चिडले की त्यांचं 'आहे'चं 'हाय' होई. त्यामुळे ते बहुधा 'हाय'च म्हणत.

वकीलसाहेब एकदा वैतागले. "मग काढली कुणी, सांगा!"

"मला ठाऊक न्हाय!"

"मग झालं तर."

"झालं कसं? ठाऊक न्हाय, तर ठाऊक न्हाय असं लिहा! दुसऱ्याचं नाव ठोकता? लाज वाटत न्हाय?"

पुढच्या रविवारी मास्तरांनी छत्रीच्या टोकानं तीन पट्ट्या उचकटल्या आणि चिटणिसांच्या टेबलावर आपटल्या. त्यांना वाचनालय बंद झालं. बदनामी शाळेची झाली, हेडमास्तरांची बोलणी मी खाल्ली. संध्याकाळी तणतणत त्यांच्या घरी गेलो.

"कोण कुठला मेलेला चित्रकार! त्याच्यासाठी नोकरी घालवणार तुम्ही?"

मास्तर उलटून ओरडले नाहीत. त्यांनी ट्रंकेतून एक चित्र काढलं. सिद्धेश्वराचं तळं, पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायका. पाणी असं, की हात ओला व्हावा. खाली मास्तरांचं नाव. पुण्याच्या प्रदर्शनात ह्याच चित्राला पदक मिळालं होतं, त्यावरच त्यांची नेमणूक झाली होती.

"हे मी काढलेलं न्हाय," ते म्हणाले. "हिनं काढलं. बाईमाणसाचं नाव कशाला, म्हणून मी माझं घातलं. पदक आलं तेव्हा हिनं शिरा केला. पुन्हा ब्रशला हातही लावला न्हाय."

त्यांची पत्नी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

त्यांनी ब्लेडनं आपलं नाव खरवडलं. कागद फाटू नये म्हणून श्वास रोखून, अगदी हलक्या हातानं. मग दौत माझ्यापुढे सरकवली.

"ह्यावर पुन्हा माझं अक्षर नको. तुम्ही लिहा."

"काय नाव वहिनींचं?"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. संसारात बायकोला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नव्हती. मी टाक धरून थांबलो.

"गोदावरी," ते म्हणाले. आणि मी लिहायला लागलो तरी थांबले नाहीत. "गोदावरी... गोदा..."