नाक त्यांचं, जीभ माझी

माझे धाकटे दीर बाळूभावजी दारूच्या बाटलीला नाक लावतात, तोंड लावत नाहीत. गल्लीत कुणाकडे परदेशची बाटली आली की ती आधी आमच्या ओट्यावर येते. वर नाव एक आणि आत भलतंच, असा धंदा करणारे कमी नाहीत. भावजी तळहातावर एक थेंब घेतात, दोन्ही हात चोळतात, ओंजळ नाकाशी नेतात आणि डोळे मिटतात. मधेच मान वळवून स्वतःच्या कोपराचा वास घेतात. नवा माणूस हसतो. भावजी सांगतात, "नाकाला मधनं मधनं घरला जाऊन यावं लागतं." मग परत ओंजळ हुंगतात आणि निकाल देतात. "खरी हाय," नाहीतर "गंडवलंय तुला." आणि लगेच, "बूच लाव."

हे नाक त्यांनी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कमावलं. तीस वर्षं रंगाच्या हौदावर होते. रंग तयार झाला का, हे मास्तर वाकून बघायचा. भावजी लांबून वासावर सांगायचे. आता ते रिकामे आहेत, पण नाकाला सुट्टी नाही. माझं दूध, माझी शेंगाचटणी, पाहुण्याची छत्री, सगळं हुंगून होतं. एका लग्नात बासुंदीच्या पातेल्यापाशी उभे राहून "दूध कालचं हाय" म्हणाले. त्या दिवशी आम्हाला शेवटच्या पंगतीत बसवलं आणि बासुंदी संपली होती.

"नाक खोटं बोलत न्हाय, वैनी. जीभ लबाड हाय," असं ते म्हणतात. ते खरं आहे, कारण जिभेनं त्यांना तीनदा बुडवलं. तीन वेळा दारू सोडली, तीन वेळा धरली, आणि तिन्ही वेळा सुरुवात "नुसती चव बघतो" अशी झाली. तिसऱ्या वेळी बायको पोरीला घेऊन माहेरी गेली. मग चौथ्यांदा सोडली, ती सुटली. त्याला एकवीस वर्षं झाली. पण बायको परत आली नाही, तिकडेच वारली. पोर लग्न होऊन विजापूरला आहे, दिवाळीला फोन करते. माझे मालक गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. भांडायला माणूस लागतं, म्हणून पुढची खोली त्यांना दिलीय.

मी एकदा विचारलं होतं, "सोडलीय तर हुंगता कशाला?"

"वळख तर ठेवावी की," म्हणाले.

परवा रविवारी सकाळी टॉवेलवाला सुभाष आला. पिशवीत लाकडी पेटी, पेटीत मखमल, मखमलीत बाटली. नवरदेवाला आणतात तशी आणली. परदेशातल्या गिऱ्हाइकानं दिलेली अमेरिकेची बर्बन व्हिस्की. लेबलावर तेवीसचा आकडा मला वाचता आला.

"तेवीस वर्षं पिंपात ठेवलीय, काकू," सुभाष म्हणाला. "पुण्याचा एक जण म्हणतो, सील न फोडता दे, मोटरसायकलीचे पैसे देतो."

"मग द्यायची."

"अन् खोटी निघाली तर? तो पोलीस घेऊन येईल की."

"कशाची करतात?"

"मक्याची."

मका आमच्या सांगोल्याकडे म्हशीला घालतात. मी तसं सांगितलं. सुभाषनं ऐकलं नाही. पिंप नवं असतं, आतून जाळलेलं असतं, आणि इतक्या वर्षांत निम्मी दारू हवेत उडून जाते, असं तो कौतुकानं सांगत होता.

"निम्मी उडाली म्हणून उरलेलीचा भाव वाढला?" मी म्हणाले. "आपल्या दूधवाल्याला सांगू नकोस."

"मी सोडली तवा ही दोन वर्सांची हुती," भावजी बाटलीकडे बघत म्हणाले. "फोड."

"किंमत जाईल, अण्णा."

"न फोडता काय पेटीचा वास घेऊ? इकायची हाय का प्यायची हाय?"

सुभाषच्या पोरीचं जमत आलं होतं. संध्याकाळी व्याही येणार होते. त्यांना यातलं लई कळतं, अशी ख्याती. शेवटी सुभाषनं सील फोडलं, तेव्हा त्याचा चेहरा मोटरसायकल चोरीला गेल्यासारखा झाला.

भावजींनी थेंब चोळला, हुंगला, कोपराकडे गेले, परत आले, आणि पुन्हा गेले. एवढा वेळ त्यांना कधी लागत नाही.

"खरी हाय," म्हणाले. "पर मोलाची हाय का, ते सांगता येत न्हाय."

"म्हंजे?"

"लई वर्सं लाकडात ऱ्हायली की कडू हुतीया. कडू नाकाला कळत न्हाय."

"माझ्याकडं बघून कशाला सांगताय?" मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

"मला सगळीच सारखी लागती," सुभाष म्हणाला. "अण्णा, तुमीच बघा की. व्याह्यापुढं इज्जतीचा सवाल हाय. एक थेंब. नुसती चव."

भावजींनी "बूच लाव" म्हटलं नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. हात मांडीवर उताणा पडला होता आणि तळवा ओला होता. ते त्या तळव्याकडे बघत होते. मी आत गेले, वाटी आणली आणि सुभाषपुढे धरली.

"वत," मी म्हणाले. "माझी जीभ अजून कोरी हाय. मी सांगते, तुमी ऐका."

"वैनी, तुमी?"

"बाहत्तराव्या वर्षी मला काय सवय लागणार हाय?"

घोट घेतला. आधी नुसता जाळ. मी तसं सांगितलं.

"गिळू नका! फिरवा. आता?"

"गूळ. तळाला लागलेला."

"अजून?"

"भाजल्या शेंगा. आइस्क्रीमचा वास."

"गिळा. मागं काय ऱ्हायलं?"

"तोंड आवळतंय. बाभळीच्या काडीनं दात घासल्यावानी."

"गोड टिकतंय का त्याच्यापुढं?"

मी जीभ टाळूला लावून बघितली. "न्हाय. बाभळच उरली."

भावजींनी मान हलवली. "पाच-सहा वर्सं आदी काढाय पाहिजे हुती. लाकडानं खाल्ली. किंमत वयाची लावलीया, चवीची न्हाय. पाज व्याह्याला, खरी हाय. दोन थेंब पाणी घाल. सोडा घातलास तर मला सांगाय येऊ नको. आता बूच लाव."

सुभाष पेटी छातीशी धरून गेला. भावजींनी साबणानं तीनदा हात धुतले आणि परत येऊन बसले. मी वाटी उचलून उठायला लागले.

"वैनी, हितं ऊब आली का?" त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"आली की."

"एकदम, का सावकाश?"

"सावकाश."

गावाकडनं आलेल्या माणसाला घरच्यांची खुशाली विचारावी, तसं विचारत होते. मग म्हणाले, "मग बसा जरा. ती हाय तवर उठू नका."

मला स्वयंपाक होता. तरी बसले. समोर दोरीवर टॉवेल वाळत होते, त्यांच्याकडे दोघंही बघत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "गेली?"

ती केव्हाच गेली होती.

"हाय अजून," मी म्हणाले.