गाडी बोटीवर, चालक धक्क्यावर

मोटारसायकल फेरीबोटीने पलीकडे नेणं ही काही अवघड गोष्ट नाही. रोज कितीतरी माणसं नेतात. तिकीट काढतात, गाडी आत घालतात, पलीकडे उतरवतात आणि मार्गी लागतात. हे सगळं सुरळीत चालतं, कारण त्यांतला एकही जण कुणाला काही विचारत नाही.

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराने मात्र विचारलं.

माणूस सरळ होता. रस्ता ओस पडलेला असला तरी लाल दिव्यापाशी थांबायचा आणि मागच्यांच्या शिव्या खायचा. त्या दिवशी त्याच्या गाडीच्या डिकीत सासऱ्यांची नवी कवळी होती. जुनी आदल्या दिवशी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती. सासरेबुवा पलीकडच्या गावात राहायचे. जलवाहतूक खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. संध्याकाळी त्यांचा जाहीर सत्कार होता, आणि सत्काराला उत्तर द्यायचं तर दात लागतात. कारागिराच्या मागे बायको बसली होती. बाबांचे दात आणि तुम्ही, दोघेही वेळेवर पोचले पाहिजेत, असं तिने निघतानाच बजावलं होतं. क्रम तिने विचार करूनच लावला होता.

खिडकीवर तिकीट घेताना कारागिराने विचारलं, "गाडी आत लावल्यावर मी उभं कुठे राहायचं?"

कारकुनाने मान वर केली. त्याच्या उभ्या नोकरीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो उठून अधीक्षकांकडे गेला. अधीक्षक त्याच सत्काराला निघाले होते, हातात पुष्पगुच्छ होता. पण नियमाचा विषय निघाल्यावर ते पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी नियमावली उघडली. चालकाने वाहन लावून वाहनकक्षाबाहेर यावे व पादचारी प्रवेशद्वाराने बोटीत पुनश्च प्रवेश करावा, असं त्यात स्पष्ट होतं. मागे बसलेली व्यक्ती वाहन थांबताक्षणी पादचारी समजावी, असंही होतं.

"पण बाकीचे तर आपापल्या गाडीवरच बसलेत," बायको म्हणाली.

"त्यांनी विचारलं नाही, ताई," अधीक्षक मायेने म्हणाले. "विचारल्यावर मला सांगावंच लागतं."

कारागिराने गाडी आत नेली, स्टँडवर लावली, हँडल लॉक केलं, किल्ली खिशात टाकली आणि तो बाहेर आला. बायको तोवर पादचारी दाराने आत गेली होती. वळसा घालून तो त्या दारापाशी पोचला तेव्हा प्रवासीसंख्या पूर्ण झाल्यामुळे दार लागलं होतं. बोटीने भोंगा दिला आणि त्याची गाडी, बायको व सासऱ्यांचे दात घेऊन ती निघून गेली.

पलीकडे बायको उतरली. गाडी उतरली नाही, कारण चालकाशिवाय वाहन उतरवता येत नाही. आल्या बोटीने गाडी परत फिरली. इकडे कारागीर दुसऱ्या बोटीत बसला होता, सोबत अधीक्षक आणि पुष्पगुच्छ. पाण्याच्या मध्यावर दोन्ही बोटी एकमेकींना ओलांडून गेल्या. समोरच्या बोटीवर त्याची मोटारसायकल ऐटीत उभी होती, आरशाला हेल्मेट लटकलेलं. इतक्या निवांतपणे तो स्वतः आयुष्यात कधी कुठे गेला नव्हता. त्याने नकळत हात हलवला. अधीक्षकांनीही हलवला.

पलीकडे उतरल्यावर अधीक्षकांनी सल्ला दिला की आता एका जागी थांबा, गाडी येईलच. सल्ला रास्त होता. गाडी खरंच आली. कारागीर ती आणायला वाहनकक्षाकडे निघाला तेव्हा अधीक्षकांनी त्याचा दंड हळूच धरला.

"वाहनाशिवाय वाहनकक्षात जाता येत नाही."

"वाहन आतच आहे."

"म्हणजे तुमच्याकडे नाही."

 सगळ्यांच्या देखत गाडी पुन्हा पलीकडे गेली. हा नियम शिथिल कोण करू शकतं, असं बायकोने विचारलं. नियम ज्यांनी केला तेच, असं अधीक्षक म्हणाले, आणि त्यांनी आदराने तिच्या वडिलांचं नाव घेतलं.

तिने लगेच बाबांना फोन लावला. सगळा प्रकार ऐकून ते तावातावाने बोलू लागले, पण तोंडात दात नसल्यामुळे लेकीलाही काही कळेना. शेवटी फोन अधीक्षकांनी घेतला. फोन कानाला लावताच ते ताठ उभे राहिले. हो साहेब, हो साहेब, असं बराच वेळ चाललं. फोन ठेवून त्यांनी शिपायाला हाक मारली.

"साहेबांना सोडा हवाय."

म्हातारा बिचारा 'गाडी सोडा' म्हणून कंठशोष करत होता. सोड्याची बाटली तातडीने रवाना झाली.

सत्काराची वेळ झाली. जावयाची खुर्ची पहिल्या रांगेत राखून ठेवलेली, ती रिकामी दिसणं बरं नव्हे, म्हणून अधीक्षक त्याला सोबत घेऊन निघाले. बायकोने नवऱ्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे."

सभागृहात मीही होतो, तिसऱ्या रांगेत. सासरेबुवा उत्तर द्यायला उभे राहिले आणि हातवारे करत, अगदी पोटतिडकीने बराच वेळ बोलले. एक अक्षर कुणाला कळलं नाही. टाळ्या मात्र जागोजागी पडल्या. माझ्या पुढच्या गृहस्थांनी डोळे पुसले. सोपी भाषा हेच साहेबांचं वैशिष्ट्य, असं अधीक्षक कुणाला तरी सांगत होते.

तेवढ्यात डोक्यावर हेल्मेट घालून लेक आत आली आणि थेट मंचावर चढली. बोट लागल्यावर ती सरळ आत चालत गेली होती, गाडीवर बसली होती आणि बाकीच्यांच्या गर्दीतून बाहेर पडली होती. तिने कुणाला विचारलं नाही, तिला कुणी हटकलं नाही. तिने बाबांच्या हातात डबी ठेवली. त्यांनी पाठ फिरवून दात बसवले आणि पुन्हा माइक हातात घेतला.

"मघाशी बोललो तेच परत सांगतो," ते म्हणाले. आवाज आता खणखणीत होता. "चालकाने उतरून वळसा घालायचा हा नियम एका दिवसापुरता होता. बोटीचा कठडा तुटला होता म्हणून केलेला. दुसऱ्या दिवशी कठडा बसला. आज इथे खात्यातले सगळे आहेत, रोज बोटीने जाणारेही आहेत. हा नियम काढून टाकावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मघाच्या टाळ्या कुठे गेल्या कळेना. अधीक्षक पुष्पगुच्छातली फुलं निरखू लागले. पहिल्या रांगेत जावई तेवढा अर्धवट उठला आणि त्याने विचारलं, "उजवा की डावा?" अधीक्षकांनी नियमावलीसाठी पिशवीत हात घातला.

मी हात वर करणारच होतो. पण आपण एकटेच पडायला नको, म्हणून आधी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे तुम्ही बसला होतात, आणि माझ्याकडे पाहत होतात.